लाल ठिपक्यांचे वीस पाहुणे

खानदेशातून परतलेल्या माणसाला आमच्या पुण्यात दोन प्रश्न विचारतात. ऊन फार होतं का, आणि केळी आणली का. ऊन फार होतं. केळी आणली, पण ती मनमाडपर्यंतच काळी पडली. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो मीच स्वतःला विचारतो. तुम्ही तिकडे काय नेलंत?

मी तिकडे ढेकूण नेले. मोजून वीस.

मी एका हायस्कुलात शास्त्र शिकवतो. आमच्या पेठेत आरोग्याचा प्रचार करणारं एक मंडळ आहे. उन्हाळ्याच्या सुटीत हे मंडळ गावोगावी व्याख्याते धाडतं. मंडळाचे कार्यवाह मोठे कार्यक्षम गृहस्थ आहेत. मे महिन्यात महाबळेश्वरच्या जनतेला आरोग्याची निकड जास्त असते असं त्यांचं मत आहे, म्हणून तिकडे ते स्वतः जातात. माझ्या वाट्याला जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे आले. विषय ‘रक्त पिणारे कीटक आणि उष्णता’.

विषय मला मनापासून आवडतो. डास लांबून आपल्या श्वासाच्या मागावर येतो आणि जवळ आल्यावर अंगाच्या उबेवरून बसायची जागा ठरवतो. ढेकणाला तर डोळ्यांचा फारसा उपयोगच नाही. डोक्यावरच्या दोन मिशा हलवत तो ऊब हुंगतो, तीही जेमतेम वीतभर अंतरावरून. आसपासच्या हवेपेक्षा जरा गरम असं काही लागलं की तो सरळ तिकडे चालू लागतो. फार गरम लागलं तर मात्र पाय लावून पळतो. उबदार जागेच्या जवळ आणि तापलेल्या जागेपासून दूर, हा त्याचा जन्माचा नियम. हे लिहिताना मला कार्यवाहांची आठवण का होते ते कळत नाही, आणि झाली याचं वाईटही वाटतं.

माझ्याकडे एक लांबट लाकडी पेटी होती, वर काच बसवलेली. एका टोकाला अंगाइतक्या कोमट पाण्याचा डबा, दुसऱ्या टोकाला गार पाण्याचा, आणि मध्ये कागदावर ढेकूण सोडायचे. पुण्यात ते दर वेळी शिस्तीत कोमट डब्याकडे जात. एरवी ते काचेच्या नळीत राहत. नळीच्या तोंडाला मलमल आणि मलमलीवर रबराची चकती. दर चार दिवसांनी नळी उलटी करून ती मलमल मी माझ्या दंडाला लावत असे. ही खानावळ चालू असताना पत्नी दुसऱ्या खोलीत जाऊन बसे.

प्रत्येक ढेकणाच्या पाठीवर मी टाचणीच्या टोकाने लाल रंगाचा ठिपका दिला होता. त्याला कारण घडलं होतं. मागच्या वर्षी एका गावी व्याख्यान संपल्यावर तिथले नगराध्यक्ष चिडले, की आमच्या सभागृहाच्या बाकांतले ढेकूण काढून तुम्ही आमचीच अब्रू घेता. तेव्हापासून मी सुरुवातीलाच सांगत असे, “हे लाल ठिपक्यांचे ढेकूण बाहेरचे आहेत. आपल्या गावाशी त्यांचा संबंध नाही.” ते कुठले, हे मात्र मी सांगत नसे. विचारलंच तर “निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केले” म्हणत असे. खरं असं की ते सगळे माझ्या स्वतःच्या खाटेतले होते.

जळगाव

गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि फलाटाची फरशी चपलेतून लागत होती. गावात सराफांच्या पेढ्या, डाळीच्या गिरण्या, आणि कोणाच्याही घरी गेलं की आधी तांब्याभर पाणी. पुण्यात आम्ही पाहुण्याला पाणी विचारतो. इथे विचारत नाहीत, पुढे ठेवतात. दोघांतला फरक चौथ्या तांब्यानंतर माझ्या ध्यानात आला.

व्याख्यान दुपारी चारला, एका शाळेच्या पत्र्याच्या दालनात. गर्दी चांगली होती. मी डबे भरले, ढेकूण सोडले आणि म्हणालो, “आता पाहा. हे उबेकडे जातील.”

ढेकणांनी मिशा हलवल्या, थोडा विचार केला आणि वीसच्या वीस गार डब्याकडे गेले.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या क्षणी कळलं. त्या दालनातली हवाच माणसाच्या अंगापेक्षा गरम होती. ढेकणांच्या हिशेबी ते भट्टीत उभे होते आणि जीव वाचवत होते. शास्त्र बिनचूक होतं, फक्त मी ते पुण्याहून आणलं होतं.

पुढच्या रांगेत डाळीच्या गिरणीचे एक जाडजूड मालक बसले होते. ते म्हणाले, “मास्तर, ढेकूण पुण्याचे दिसतात. सावलीकडे चालले.”

सगळं दालन हसलं. मी हवेचं तापमान आणि अंगाचं तापमान यांतला फरक समजावून सांगितला, पण तोवर लोक पंख्यांनी वारा घेत उठू लागले होते. आभार मानताना अध्यक्ष म्हणाले, “ढेकूण माणसाकडे येत नाही, गारव्याकडे जातो, हे पाहुण्यांनी आज सप्रयोग सिद्ध केलं. नागरिकांनी निर्धास्त असावं.” टाळ्या पडल्या. मी खोडून काढायला उठलो, तर त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. हार घातलेल्या माणसाला बोलता येत नाही. मी बोललो नाही, याची टोचणी अजून आहे.

यावलकडचं एक गाव

गावाचं नाव देत नाही. यात त्या गावाची काही चूक नाही.

भुसावळवरून तापी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात आणि एस. टी.च्या खिडकीतून येणारा वारा एकदम ओला होतो. पुढे सातपुडा धुरकट निळा. माझे यजमान नामदेवभाऊ उतरायच्या जागी उभे होते. केळी आणि कापूस पिकवणारे शेतकरी, कमी बोलणारे. घर धाब्याचं, म्हणजे जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचंच सपाट छप्पर. घरात सत्ता होती त्यांच्या थोरल्या बहिणीची, गिरजाअक्कांची. त्या विधवा होऊन भावाकडे आल्या त्याला वीस वर्षं झाली होती.

या घराची गावात एक ख्याती होती. गावात लग्न कोणाचंही असो, वऱ्हाडाचा जानोसा नामदेवभाऊंकडे. कारण त्यांच्या खाटांत ढेकूण नव्हता. अक्कांची रीत अशी की चैत्र लागल्यापासून दर आठ दिवसांनी भर दुपारी सगळ्या खाटा आणि गोधड्या धाब्यावर जायच्या. तिथलं ऊन मी सोसलं आहे. त्या उन्हात जिवंत राहील असा किडा देवाने केलेला नाही. आणखी आठ दिवसांनी शेजारच्या पाटलांच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरदेवाचं वऱ्हाड इथेच उतरायचं होतं.

“डीडीटीवाले आले व्हते,” अक्का मला म्हणाल्या. “मी नही येऊ देल्लं घरात. कालच भिंती सारवल्या व्हत्या. माह्या घरात ढेकूण आसन तर दाखवा म्हनलं. तुमी कायले आले, मास्तर? अठी तुमाले काम नही.”

“अक्का, मी फक्त माहिती सांगायला आलो.”

“सांगा. जेवून सांगा.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच ओट्यावर मी प्रयोग लावला. पहाटेची हवा गार होती आणि ढेकूण कोमट डब्याकडे असे निघाले की मला भरून आलं. पुरुष पुढे, बायका दाराआड. प्रश्न विचारला तो एकीनेच. नामदेवभाऊंची सून सुमन, एरंडोलकडची, लग्नाला एक वर्ष झालेली. तिने दाराआडूनच विचारलं, “मास्तर, पोट भरेल ढेकूण बी जास का उबकडे?”

असा प्रश्न मला पंधरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. मी म्हणालो, “नाही. पोट भरलेला ढेकूण उबेकडे ढुंकून पाहत नाही, फटीत जाऊन बसतो. भुकेला असतो तोच चालत येतो.”

“जास” आणि “उबकडे” ऐकून दोनतीन बायका खुसखुसल्या. अक्का म्हणाल्या, “तिकडची बोली. वरीस झालं, सुटत नही.” सुमन दारामागे सरली.

दुपारी जेवण होतं. खापरावरचे मांडे, आणि मांडा म्हणजे आमची पुरणपोळी धोतराएवढी मोठी करून तिला हवेत झुलवायला शिकवलं तर जे होईल ते. आमरस वाटीत नव्हे, ताटलीत. शिवाय कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा, तो मी प्रतिष्ठेपायी खाल्ला. पुण्यात यजमान ‘आणखी घ्या’ म्हणतो तेव्हा पाहुण्याने ‘नको’ म्हणावं असा करार असतो. इथे ‘नको’ हा शब्दच ऐकू जात नाही. चौथा मांडा अक्कांनी ताटात टाकला तेव्हा मी फक्त डोळे मिटले.

ओसरीवर माझ्यासाठी खाट टाकली होती. तिच्यावर कोरी गोधडी होती, नऊवारींच्या रंगीत तुकड्यांची, बारीक टाक्यांची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुमन माहेरी जाऊन आली होती आणि तिच्या आईने लेकीला ती शिवून दिली होती. अक्कांनी मुद्दाम तीच पाहुण्याला घातली. त्यांच्या टोमण्यांना मर्यादा होती, आतिथ्याला नव्हती.

त्या दिवशी ढेकणांना जेवू घालायचा दिवस होता. इथून माझ्या पापाची सुरुवात होते. मी नळीची पेटी खाटेखाली सरकवली, दंड उघडा करायचं मनात आणलं, आणि चार मांड्यांच्या वजनाखाली झोपलो. जागा झालो तेव्हा अंगाला खाज होती. मला वाटलं, घामोळं.

संध्याकाळच्या एस. टी.ने मी पुढे निघालो. पेटी उघडून पाहिली नाही.

एरंडोल

इथे व्याख्यानाआधी पेटी उघडली. नळीच्या तोंडाची रबराची चकती उन्हाने चिकट होऊन तुटली होती. मलमल बाजूला झाली होती. नळीत कोणी नव्हतं.

शास्त्राचा शिक्षक असल्याने बाकीचं मला कोणी सांगावं लागलं नाही. वीस भुकेले ढेकूण, वर वीतभर अंतरावर आमरसाने तुडुंब झोपलेला मनुष्य, मध्ये खाटेचे चार पाय. ते माझ्यावर जेवले आणि मग, मीच सांगितल्याप्रमाणे, फटीत जाऊन बसले. सुमनच्या गोधडीत, अक्कांच्या खाटेत, लग्न आठ दिवसांवर असताना.

त्याच क्षणी परत जायला हवं होतं. त्याऐवजी मी सभेत सांगितलं, “प्रयोगाचे ढेकूण उष्म्याने दगावले.” एक आबा हळहळून म्हणाले, “बिचारा! बठ्ठा मरी ग्यात का, भाऊ?” ढेकणांसाठी हळहळणारा मनुष्य मी प्रथमच पाहिला, आणि त्यालाच मी फसवलं.

रात्र तळमळून काढली आणि सकाळी पद्मालयाला गेलो. तळं, कमळं, झाडी, आणि गाभाऱ्यात दोन गणपती शेजारीशेजारी. एकाची सोंड उजवी, दुसऱ्याची डावी. मी हात जोडून विचारलं, परत जाऊ की धुळ्याला जाऊ? एकाने उजवीकडे दाखवलं, दुसऱ्याने डावीकडे. मला दोन्ही कौल मिळाले आणि मी सोयीचा घेतला. धुळ्याची गाडी आधी होती.

धुळे

धुळ्याचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत, आणि त्यांवर सावली अशी कुठे नाही. मी बिनढेकणांचं व्याख्यान दिलं. ते फार गाजलं. ढेकूण नसल्याने शास्त्राला विरोध करायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात कोणीतरी हाक मारली, “मास्तर!” नामदेवभाऊंचा पुतण्या वसंत. पाटलांकडच्या लग्नाचं कापड घ्यायला आला होता. त्याने मला उसाच्या रसाच्या दुकानात नेलं, आणि मी क्षेमकुशल विचारताच तो खो खो हसला.

“आमच्याकडे मोठा तमाशा झाला. तुम्ही गेलात, आणि दुसऱ्या दिवशी अक्काला ढेकूण सापडला!”

मी रसाचा पेला खाली ठेवला. “कुठे?”

“वहिनीच्या गोधडीत. माहेरहून आणली होती ना? अक्काने गोधडी उचलली आणि काट्यांच्या कुंपणावर नेऊन टाकली. म्हणे, वीस वर्षांत माझ्या घरात ढेकूण नाही, आणि ही एका आखाजीत घेऊन आली. आता घरात वहिनीला कोणी नावाने हाक मारत नाही. ‘ढेकणांची’ म्हणतात.”

“आणि ती काय म्हणाली?”

“काहीच नाही. तेच तर. नाकारलंही नाही. अक्काने तिच्या बापाला निरोप धाडलाय, जानोसा उठेपर्यंत मुलीला घेऊन जा. उद्या दुपारी गाडी घेऊन येतील.” मग तो जरा गंभीर झाला. “आता लग्नाच्या तोंडावर सून माहेरी धाडली की लोक विचारणार का धाडली, आणि अक्का सांगणार. वहिनीच्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या आहेत. ढेकणांचं घर म्हटल्यावर कोण येतं बघायला?”

मी रस अर्धा ठेवला. माझ्या सामानात मंडळाने दिलेली छापील पत्रकं होती: ‘अज्ञान हेच कीटकांचे माहेरघर.’ ती तिथेच बाकावर सोडली. नंतर वाटलं, तेही चुकलं. तिथे बाकांत ढेकूण नव्हते.

पुन्हा तेच गाव

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी वसंतबरोबर पोहोचलो. अंगणात बैलांची दमणी सोडलेली होती. ओसरीवर नामदेवभाऊ खाली मान घालून बसले होते. त्यांच्यासमोर पागोटं मांडीवर घेऊन एक वृद्ध गृहस्थ, सुमनचे वडील. सगळे त्यांना नाना म्हणत होते. सुमन दाराशी गाठोडं घेऊन उभी होती. कुंपणावर ती गोधडी काट्यांत अडकलेली दिसत होती.

“मास्तर?” अक्का म्हणाल्या. “काही इसरले का?”

मी वाटेत पाठ केलेलं भाषण विसरलो. उभ्याउभ्याच म्हणालो, “अक्का, ते ढेकूण माझे आहेत. माझ्या नळीतून सुटले. सुमनचा यात काही दोष नाही.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग अक्कांचा चेहरा मऊ झाला, आणि तो राग असता तर बरं, असं मला वाटलं.

“मास्तर, भले मानूस तुमी. पोरीची दया आली, म्हनून धुळ्याहून आले. पन तुमच्या अंगावर कायले घेता? शिकेल मानूस, पुन्याचा. तुमच्याकडे कुठले ढेकूण?”

“आहेत, अक्का.”

“ते इलमाचे. निरनिराळ्या गावचे, तुमीच सांगितलं.”

मी टोपी काढून हातात घेतली. “खोटं सांगितलं. ते माझ्या घरचे. माझ्या स्वतःच्या खाटेतले.”

वसंत कालच्यासारखा हसला. अक्का मान हलवत राहिल्या. आयुष्यात प्रथमच मी सगळं खरं बोललो होतो आणि कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. पुण्याच्या माणसाची पत कुठे उपयोगी पडेल आणि कुठे आड येईल, सांगता येत नाही.

“त्यांच्या पाठीवर लाल ठिपका आहे,” मी म्हणालो. “तुम्ही सगळ्यांनी ओट्यावर पाहिलाय. जो सापडला, त्याच्या पाठीवर नव्हता का?”

“म्या पाह्यला नही. दिसला तसा वहाणेखाली.” अक्का थांबल्या. “बाकीचे आसतीन खाटेत. ती खाट मी त्या दिवशीच परसात झाडाखाली टाकली, शिवली नही.”

“मग धाब्यावर न्या. तुमच्या रीतीने.”

अक्कांनी नामदेवभाऊंकडे पाहिलं. ते प्रथमच बोलले. “न्या.”

खाट धाब्यावर चढली. तिच्याखाली पांढरं धोतर पसरलं. मातीला हात लावता येत नव्हता. अक्का पदर बांधून उभ्या राहिल्या आणि एका दांडक्याने खाटेच्या चारी पायांवर सावकाश ठोके देऊ लागल्या, पापड लाटावेत तशा निवांत. शास्त्रात जे मी पंधरा वर्षं शिकवलं, ते त्यांच्या हातात होतं. ऊब असेल तोवर ढेकूण आत बसतो. ऊब ताप झाली की बाहेर पडतो.

पहिला पडला. मग दोन. मग नवारीच्या गाठींतून, खुरांच्या भेगांतून टपटप पडू लागले. नाना गुडघ्यांवर वाकले, डोळे बारीक करून धोतराकडे पाहत राहिले आणि एकदम गडगडून हसले.

“अरे, हाई ते पुनानं वऱ्हाड शे! टिळा लाईसन उनं!”

प्रत्येकाच्या पाठीवर लाल ठिपका होता. मी हातानेच मोजले. अठरा. अक्कांच्या वहाणेखालचा एक धरून एकोणीस.

“एक राहिला,” मी म्हणालो. “वीस होते.”

सुमन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. ती खाली गेली आणि काडेपेटी घेऊन आली. उघडून माझ्यापुढे धरली. आत कापसावर माझा विसावा ढेकूण होता, वाळलेला, लाल ठिपक्यासह.

“हा कधी सापडला?” मी विचारलं.

“तुम्ही गयात त्याच सांजले.”

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ही काडेपेटी अक्कांपुढे एकदा उघडली असती तर सगळं मिटलं असतं.

“अगं, मग बोलली का नाहीस?” नामदेवभाऊ म्हणाले.

सुमनने डोक्यावरचा पदर सारखा केला. “आपलाच घरमा जेवेल पाहुना. त्यानं नाव कसं लेवानं?”

मी कठड्याला धरून उभा होतो. कठडा पोळत होता. हात काढावासा वाटला नाही.

अक्का दांडकं ठेवून खाली उतरल्या, अंगण ओलांडून कुंपणाशी गेल्या. काट्यांतून गोधडी एकेक टाका सांभाळत सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. मग ती तीनदा झटकली, घडी घातली, आत नेली आणि जानोशासाठी रचलेल्या गोधड्यांच्या थप्पीवर सगळ्यांत वर ठेवली.

“नवरदेवाले हे,” त्या म्हणाल्या. मग नानांकडे वळल्या. “व्याही, बैलं सोडेल राहू द्या. जेवून जा. आन् सुमन, गाठोडं आत ठेव. मांड्यांचं पुरन कोन वाटीन?”

तिला नावाने हाक मारली होती. सुमन आत गेली.

मला वाटलं माझीही सुटका झाली. तेवढ्यात अक्का माझ्याकडे आल्या. “मास्तर, तुमचं सामान बी वर.” माझी वळकटी, पेटी, कोट, टोपी, दोन पुस्तकं आणि अंगातला सदरासुद्धा धाब्यावर गेला. नामदेवभाऊंचं धोतर नेसून, उघड्या अंगाने मी व्याह्यांच्या पंक्तीला बसलो. नाना दर घासाला माझ्याकडे पाहून हसत होते. पाचवा मांडा ताटात पडला तेव्हा मी तो शिक्षा म्हणून खाल्ला. तो फार चांगला होता, त्यामुळे शिक्षा कितपत झाली याबद्दल मनात शंका आहे.

पुणे

आल्याबरोबर मी आमच्या घरच्या खाटा गच्चीत टाकल्या. पुण्याच्या उन्हात ढेकणांना बरं वाटलं. मंडळाला अहवाल लिहिला, त्यात सगळं जसंच्या तसं घातलं. कार्यवाहांनी महाबळेश्वरहून आल्यावर तो वाचला आणि कळवलं की अहवाल हृद्य आहे, परंतु ढेकूण हा उल्लेख गाळून छापावा.

परवा वसंतचं कार्ड आलं. लग्न पार पडलं. नवरदेव सुमनवहिनीच्या गोधडीवर झोपला. सकाळी सगळं घर कान देऊन बसलं होतं. त्याने उठून आळस दिला आणि म्हणाला, अंथरूण फार छान, पण डास फार होते.

खाली वसंतने लिहिलं होतं: ‘अक्का विचारते, डास कोणाच्या माहेरचे ते मास्तरांनी कळवावं.’

मी उलट टपाली कळवलं की बहुधा माझेच असतील.